छातीत पाणी झालंय? नुसतं पाणी काढून भागत नाही, ते कशामुळे झालं ते शोधा

नांदेड/लातूर : "कुशीत चमक भरली", "उसण भरली", "बरगडीत गॅस अडकला". गावाकडं छातीच्या एका बाजूला दुखायला लागलं की पहिले काही दिवस असेच जातात. कुणी बिब्बा घालतं, कुणी मेडिकलवरून दुखण्याची गोळी आणून देतं, कुणी सलाईन लावून येतं. पंधरा दिवसांनी दम लागायला लागतो. मग तालुक्याला जाऊन छातीचा फोटो काढला जातो आणि डॉक्टर सांगतात, "छातीत पाणी झालंय." सुईनं पाणी काढलं की त्याच दिवशी मोकळं वाटतं. बरेच जण उपचार संपला असं समजून घरी येतात.

चूक होते ती इथंच. छातीतलं पाणी हा आजार नाही, ती आजाराची खूण आहे. छत गळत असताना खालचं पाणी पुसून काम भागत नाही, तसंच हे आहे. पाणी टीबीचं आहे, न्यूमोनियाचं आहे, हृदयाच्या त्रासाचं आहे की कॅन्सरचं, हे कळल्याशिवाय खरा उपचार सुरूच होत नाही. आपल्या भागातल्या वाचकांसाठी या आजारांची माहिती एकाच ठिकाणी देत आहोत.

फुफ्फुसाचं आवरण म्हणजे काय?

आपल्या दोन्ही फुफ्फुसांवर एक पातळ, गुळगुळीत पडदा असतो. तसाच दुसरा पडदा बरगड्यांच्या आतल्या बाजूला असतो. या दोन पडद्यांना मिळून फुफ्फुसाचं आवरण म्हणतात. डॉक्टर त्याला प्ल्युरा म्हणतात. दोन्ही पडद्यांमध्ये अगदी थोडं, म्हणजे दोन-चार चमचे पाणी कायम असतं. गाडीच्या चाकाला वंगण लागतं तसंच हे पाणी. श्वास घेताना फुफ्फुस फुगतं, सोडताना आकसतं. या पाण्यामुळे दोन पडदे एकमेकांवर न घासता सरकतात.

या जागेत चार प्रकारचे बिघाड होतात. पडद्याला सूज येते, पाणी साचतं, पू किंवा रक्त साचतं, नाहीतर हवा शिरते. जागा ठरलेली असल्यामुळे तिथं काहीही साचलं की फुफ्फुस दाबलं जातं आणि दम लागतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. "फुफ्फुसात पाणी झालं" असं आपण सरसकट म्हणतो, पण हे पाणी फुफ्फुसाच्या आत नसतं, बाहेरच्या पडद्यांमध्ये असतं. फुफ्फुसाच्या आत पाणी होणं हा वेगळा आणि तातडीचा आजार आहे. तो बहुतेक वेळा हृदयाच्या त्रासामुळे होतो. त्यामुळे आपल्याला नेमकं काय झालंय ते डॉक्टरांना विचारून घ्या.

लक्षणं कोणती? दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं का?

सुरुवातीला पडद्याला सूज येते. तेव्हा दीर्घ श्वास घेतला, खोकला आला, शिंक आली की छातीच्या एका बाजूला सुई टोचल्यासारखी कळ येते. माणूस त्या कुशीवर हात धरून अर्धवट श्वास घेतो. कधी हे दुखणं खांद्यात किंवा पोटात वरच्या बाजूला जाणवतं, म्हणून लोकांना ते गॅसचं वाटतं.

पुढे पाणी साचायला लागलं की दोन्ही पडदे एकमेकांपासून लांब जातात. घासणं थांबतं, त्यामुळे दुखणं कमी होतं. इथंच फसगत होते. माणसाला वाटतं, गोळीनं गुण आला. प्रत्यक्षात आत पाणी वाढत असतं. मग जिना चढताना, डोक्यावर पाण्याची घागर आणताना, रानात चालताना धाप लागते. आडवं झालं की जास्त गुदमरतं.

त्यासोबत खालीलपैकी काही असेल तर लगेच छातीचा एक्स-रे काढा :

- दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, मग तो कोरडा का असेना
- संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम
- भूक मरणं, वजन घटणं
- न्यूमोनियाचं औषध चालू असूनही ताप न उतरणं
- पायावर किंवा पोटावर सूज

अचानक एका बाजूला जोराची कळ येऊन श्वास घेता येत नसेल, ओठ-नखं निळी पडत असतील, छातीला मार लागल्यावर दम लागत असेल, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

पाणी कशामुळे होतं?

टीबी : आपल्या देशात, विशेषतः तरुण माणसाच्या एका बाजूला पाणी झालं, तर डॉक्टर सगळ्यात आधी टीबीचा विचार करतात. टीबी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं खोकून खोकून रक्त पडणारा माणूस येतो. आवरणाच्या टीबीत मात्र बेडका पडतोच असं नाही. धडधाकट दिसणाऱ्या विशी-पंचविशीच्या पोरालाही तो होतो.

न्यूमोनिया : फुफ्फुसात जंतुसंसर्ग झाल्यावर बाजूच्या आवरणात पाणी येतं. वेळेवर औषध मिळालं तर ते जिरतं. नाही मिळालं तर त्याचा पू होतो. लहान मुलांत आणि शुगरच्या रुग्णांत हे जास्त पाहायला मिळतं.

हृदय, किडनी, लिव्हर : हृदय कमजोर झालं, किडनी काम करेना, दारूमुळे लिव्हर खराब झालं की अंगात पाणी साठतं आणि ते छातीतही येतं. हृदयाच्या त्रासात बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना पाणी दिसतं. लिव्हरच्या त्रासात ते बहुधा उजव्या बाजूला असतं.

लिव्हरमधला पू : आमांशाच्या जंतूमुळे लिव्हरमध्ये पूची गाठ होते. ती वरच्या बाजूला फुटली तर पू उजव्या छातीत उतरतो. दारू पिणाऱ्या पुरुषांत हा आजार अधिक होतो. उजव्या बरगडीखाली दुखणं आणि थंडी-ताप असेल तर पोटाची सोनोग्राफी करायलाच हवी.

डेंग्यू : जास्तीच्या डेंग्यूत रक्तातलं पाणी झिरपून छातीत आणि पोटात येतं. ते आजार उतरला की आपोआप जिरतं. ते सुईनं काढायला लावू नका.

कॅन्सर : फुफ्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर आवरणावर पसरला की पाणी होतं. ते बऱ्याचदा लालसर असतं आणि काढलं की पुन्हा भरतं. मात्र लाल पाणी म्हणजे कॅन्सरच असं नाही. टीबीतही ते लालसर येऊ शकतं.

ॲस्बेस्टॉस : आवरणाचा स्वतःचा एक दुर्मिळ कॅन्सर आहे, मेसोथेलिओमा. ॲस्बेस्टॉसची धूळ श्वासात गेल्यानंतर वीस ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा तो होतो. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. नुसत्या पत्र्याखाली राहण्यापेक्षा तो कोरडा कापणं, फोडणं, घासणं जास्त धोक्याचं आहे. जुना पत्रा काढायचाच असेल तर ओला करून, न फोडता, नाका-तोंडावर चांगला मास्क लावून काढा.

तपासण्या कोणत्या?

पहिली तपासणी छातीचा एक्स-रे. पण पाणी थोडं असेल तर ते एक्स-रेत दिसत नाही. उभ्यानं काढलेल्या फोटोत दिसायला साधारण २०० मिली पाणी साचावं लागतं. सोनोग्राफीत त्याहून कमी पाणीही दिसतं. पाणी मोकळं आहे की जाळी होऊन कप्प्यांत अडकलंय तेही कळतं, आणि सुई कुठं लावायची ती जागा ठरवता येते.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी पाण्याची. पाणी काढलं की त्याचा रंग, त्यातलं प्रोटीन, एलडीएच, साखर, पेशी आणि जंतू तपासतात. प्रोटीन आणि एलडीएच रक्ताच्या मानानं जास्त निघालं तर आजार आवरणाजवळच आहे असं समजतात. कमी निघालं तर हृदय, किडनी, लिव्हरकडे पाहतात. अमेरिकन डॉक्टर रिचर्ड लाइट यांनी १९७२ मध्ये घालून दिलेली ही पद्धत आजही जगभर वापरतात.

टीबीसाठी पाण्याची 'एडीए' नावाची तपासणी करतात. ती ४० च्या वर असेल आणि पाण्यात लिम्फोसाइट पेशी जास्त असतील तर टीबीची शक्यता बळावते. सोबत सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशिनवर जंतू शोधतात. आवरणाच्या पाण्यात टीबीचे जंतू फार कमी असतात. त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे टीबी नाही, असं ठरवता येत नाही. डॉक्टर सगळ्या गोष्टी एकत्र पाहून निर्णय घेतात. खोकला असो-नसो, बेडक्याची तपासणीही करून घ्या. फुफ्फुसातही टीबी आहे का आणि तो घरच्यांना लागू शकतो का, ते त्यावरून कळतं.

कारण सापडत नसेल तर आवरणाचा छोटा तुकडा काढून तपासतात. तो सुईनं किंवा छातीत छोटी दुर्बीण घालून काढतात. त्याला बायोप्सी म्हणतात. "तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" ही भीती मनातून काढून टाका. तुकडा न काढता महिनोन् महिने अंदाजाचं औषध घेणं जास्त धोक्याचं आहे.

पाणी काढताना काय करतात?

रुग्णाला बसवून पुढे टेबलावर किंवा उशीवर वाकायला सांगतात. पाठीवरची जागा साफ करून बधिर करण्याचं इंजेक्शन देतात. मग दोन बरगड्यांच्या मधून सुई घालून पाणी काढतात. त्या वेळी हलायचं नाही, खोकला आला तर आधी सांगायचं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना अगोदर सांगा.

"सगळं पाणी एकदाच काढून टाका" असा आग्रह धरू नका. एका वेळी साधारण एक ते दीड लिटरपर्यंतच पाणी काढतात. दबलेलं फुफ्फुस एकदम फुगलं तर फुफ्फुसातच सूज येऊन दम वाढू शकतो. काढताना छातीत आवळल्यासारखं वाटलं किंवा सारखा खोकला आला तर लगेच सांगा.

आणि एक विनंती. पहिल्यांदा काढलेलं पाणी तपासायला पाठवल्याशिवाय राहू नका. रिपोर्ट, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत जपून ठेवा. नांदेडहून लातूरला, नाहीतर हैदराबादला गेलात तरी हीच पिशवी कामी येते.

टीबीचं पाणी : सहा महिने, एकही दिवस न चुकता

आवरणाचा टीबी पूर्ण बरा होतो. साधारण उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन औषधं. गोळ्या वजनाप्रमाणे रोज घ्यायच्या असतात आणि सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. खासगी डॉक्टरकडे उपचार घेत असलात तरी रुग्णाची सरकारी 'निक्षय' यंत्रणेत नोंद करणं त्या डॉक्टरला बंधनकारक आहे. नोंद झाल्यावर एक निक्षय आयडी मिळतो. तो लिहून ठेवा.

बहुतेकांना महिन्या-दीड महिन्यात बरं वाटायला लागतं. ताप जातो, भूक लागते, वजन वाढतं. नेमकं याच वेळी औषध सुटतं. जंतू मात्र अजून मेलेले नसतात. मध्येच औषध सोडलं तर आजार उलटतो आणि नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारा टीबी होऊ शकतो. त्याचा उपचार जास्त अवघड असतो.

औषध चालू असताना :

- लघवी नारंगी-लालसर होते. ते औषधाच्या रंगामुळे आहे, घाबरू नका.
- मळमळ थोडी असेल तर चालतं. पण उलट्या थांबत नसतील, डोळे पिवळे दिसले, नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दारू पूर्ण बंद.
- गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम या औषधांमुळे कमी होतो. बायकांनी डॉक्टरांना विचारून दुसरं साधन वापरावं.
- गर्भार बाईनं हे उपचार स्वतःहून बंद करू नयेत, डॉक्टरांना कल्पना द्यावी.
- शुगर आणि एचआयव्हीची तपासणी प्रत्येक टीबी रुग्णाची करतात. त्यात संशय घेण्यासारखं काही नाही.

कधी कधी औषध सुरू केल्यावर पाणी थोडं वाढतं. त्याचा अर्थ औषध लागू पडत नाही असा नाही. तरी ते डॉक्टरांना दाखवा. सहा महिन्यांनंतरही एक्स-रेत पडदा जाड झाल्याचा डाग राहू शकतो. तो जुन्या जखमेच्या वणासारखा असतो. फक्त तो डाग पाहून पुन्हा टीबीच्या गोळ्या सुरू करायच्या नसतात.

रुग्णाच्या बेडक्यात जंतू नसतील तर नुसत्या आवरणाच्या टीबीमुळे घरच्यांना लागण होत नाही. ताट-वाटी वेगळी करायची, बाळंतिणीला माहेरी धाडायचं, लग्न मोडायचं, असलं काही करायची गरज नाही. पूर्वी टीबीच्या रुग्णाला गावाबाहेर सॅनेटोरियममध्ये ठेवत. १९५६ पासून मद्रासला मोठा अभ्यास झाला. औषध नियमित घेतलं तर घरी राहूनही रुग्ण सॅनेटोरियमइतकाच बरा होतो, हे त्यात दिसून आलं. तरीही घरातल्या सगळ्यांची एकदा तपासणी करून घ्या, कारण टीबी कुणाकडून तरी आलेला असतो.

ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्यांनी हे वाचाच

मुखेड, कंधार, लोहा, जळकोट या भागातून दिवाळीच्या पुढेमागे कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. काही जण तेलंगणात वीटभट्टीवर जातात. हंगाम पाच-सहा महिन्यांचा, टीबीचं औषधही सहा महिन्यांचं. दिवाळीला औषध सुरू झालेल्या माणसाचा सगळा उपचार फडातच होणार, हे आधीच धरून चाला.

जाण्याआधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईला सांगा की आपण कुठल्या तालुक्यात, कुठल्या कारखान्याला चाललोय. निक्षय आयडी देशभर चालतो. तिथल्या सरकारी दवाखान्यात तो दाखवला की औषध पुढे चालू होतं. निघताना पुरेशा गोळ्या सोबत घ्या. टोळीच्या मुकादमालाही सांगून ठेवा. लपवून ठेवलेल्या आजारात डोस चुकतात. अंगात ताकद येईपर्यंत मोळी वाहण्याचं काम दुसऱ्याला द्यायला हवं.

पाण्याचा पू झाला तर

न्यूमोनियानंतर ताप उतरत नाही, माणूस मरगळतो, श्वास जलद चालतो. सुईनं काढलेलं पाणी गढूळ, घट्ट किंवा घाण वासाचं येतं. याला एम्पायमा म्हणतात. पू झाल्यावर नुसत्या अँटिबायोटिक इंजेक्शननं काम होत नाही. गळू जसं मोकळं करावं लागतं तसाच हा पूही बाहेर काढावा लागतो. त्यासाठी छातीत नळी टाकतात.

इथं उशीर महागात पडतो. सुरुवातीला पू पातळ असतो, नळीनं निघून जातो. पुढे जाळी होऊन कप्पे पडतात. तेव्हा नळीतून ते विरघळवणारं औषध सोडावं लागतं किंवा दुर्बिणीनं साफ करावं लागतं. आणखी उशीर झाला तर फुफ्फुसाभोवती जाड साल तयार होते, फुफ्फुस फुगतच नाही. मग मोठं ऑपरेशन करून ती साल सोलून काढावी लागते. "पोराला एवढी नळी नको" म्हणून घेतलेले आठ-दहा दिवस शेवटी अशा ऑपरेशनपर्यंत नेऊ शकतात.

लहान मुलांसाठी न्यूमोनियापासून संरक्षण देणारी पीसीव्ही लस सरकारी लसीकरणात मोफत आहे. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर असे तीन डोस असतात. जन्मल्यावर बीसीजी आणि पुढची पेंटा लसही चुकवू नका.

छातीत हवा भरली तर

फुफ्फुसाला बारीक भोक पडलं की हवा पडद्यांमध्ये शिरते आणि फुफ्फुस बसतं. याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. उंच, सडपातळ तरुणांत तो काहीच कारण नसताना होऊ शकतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत, जुन्या दम्याच्या आणि टीबीच्या रुग्णांत तो जास्त होतो. अचानक एका बाजूला कळ आणि दम, ही त्याची खूण.

हवा थोडी असेल तर ऑक्सिजन देऊन, लक्ष ठेवून ती आपोआप जिरते. जास्त असेल तर सुई किंवा नळीनं काढतात. कधी आतली हवा वाढत जाऊन हृदयावर दाब येतो. नाडी जलद होते, घाम फुटतो, माणूस बेशुद्ध पडतो. अशा वेळी मिनिटांचा प्रश्न असतो. लांबच्या मोठ्या दवाखान्याचा हट्ट न धरता जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्या, तिथं सुई लावून हवा मोकळी करता येते.

हा त्रास पुन्हा होऊ शकतो. विडी कायमची सोडा. पूर्ण बरं झाल्याचं डॉक्टर सांगेपर्यंत जड ओझं उचलू नका, विमानानं जाऊ नका. विहिरीत खोल बुडी मारणं कायमचं बंद.

मार लागून रक्त साचलं तर

मोटारसायकल घसरणं, ट्रॅक्टर उलटणं, बैलानं मारणं, झाडावरून पडणं, यात बरगडी मोडते आणि तिच्या टोकानं आतली नस किंवा फुफ्फुस फाटतं. छातीत रक्त साचतं, कधी हवाही भरते. वरून जखम दिसत नाही म्हणून घरी निजवून ठेवू नका. कधी कधी रक्त दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी साचायला लागतं. एकदा एक्स-रे निर्मळ आला तरी दम वाढला तर पुन्हा दाखवा.

छातीत काही रुतलं असेल तर ते उपटू नका. जखमेत हळद, चहापत्ती, माती भरू नका. मोडलेल्या बरगडीवर गच्च पट्टा आवळू नका, त्यानं श्वास आणखी कमी होतो. शुद्धीवर असेल तर अर्धवट बसवून १०८ ची गाडी बोलवा.

कॅन्सरचं पाणी पुन्हा पुन्हा भरत असेल तर

दर आठवड्याला सुई मारत बसायची गरज नसते. पाणी पूर्ण काढून आत टाल्क नावाची निर्जंतुक पावडर सोडतात. त्यानं दोन्ही पडदे एकमेकांना चिकटतात आणि पाणी साचायला जागाच उरत नाही. दुसरा उपाय म्हणजे बारीक नळी बसवून देतात आणि घरच्यांना पाणी काढायला शिकवतात. यानं कॅन्सर जात नाही, पण माणसाला झोप लागते, चार घास खाता येतात. कॅन्सरचा मूळ उपचार सोबत चालू राहतो.

छातीत नळी असताना घरच्यांनी काय पाहायचं?

- बाटली किंवा पिशवी नेहमी छातीच्या खाली. उचलून वर धरायची नाही, आडवी होऊ द्यायची नाही.
- श्वासासोबत नळीतलं पाणी वर-खाली हलतं. ते अचानक थांबलं, नळीला पीळ पडला, बाटलीत एकदम जास्त रक्त आलं तर सिस्टरला बोलवा.
- नळीला स्वतःहून चिमटा लावायचा नाही.
- नळी निसटली तर जागा स्वच्छ कापडानं झाका आणि लगेच आवाज द्या.
- डॉक्टर सांगतील तसा तीन गोळ्यांच्या यंत्रानं श्वासाचा व्यायाम करायचा. दुखतं म्हणून पडून राहिलं तर फुफ्फुस फुगायला वेळ लागतो. दुखण्याचं औषध मागून घ्या, पण व्यायाम टाळू नका.

जायचं कुठं, पैसा किती लागतो?

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयातून करा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार आणि तपासण्या मोफत आहेत. पुढच्या तपासण्या, नळी, ऑपरेशन यासाठी नांदेडला विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. रेणापूर-अहमदपूरकडच्यांना अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयही सोयीचं पडतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. २०१२ मध्ये ही योजना राजीव गांधी जीवनदायी नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होतं. रेशन कार्ड आणि आधार घेऊन भरतीच्या दिवशीच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि आपला उपचार योजनेत बसतो का ते विचारा. बिल भरल्यावर विचारून उपयोग होत नाही. योजनेची हेल्पलाइन १५५३८८.

टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात मिळतात. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. पैसे आले नाहीत तर खातं आधारला जोडलंय का ते पाहा. टीबीची हेल्पलाइन १८००-११-६६६६.

लोक काय म्हणतात, खरं काय?

"पाणी जास्त प्यायलं म्हणून छातीत पाणी झालं." नाही. प्यायलेलं पाणी छातीत जात नाही. टीबीच्या रुग्णानं पाणी तोडू नये. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तरच डॉक्टर पाणी-मीठ मोजून घ्यायला सांगतात.

"एकदा सुई मारली की पाणी परत परत भरतं." सुईमुळे भरत नाही. मूळ आजाराचा उपचार न झाल्यामुळे भरतं.

"भात, दही, केळी, अंडी बंद करा." टीबीत उलट अन्न वाढवायचं असतं. भाकरी, डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध, पालेभाजी, जे परवडतं ते पोटभर खा.

"इंजेक्शन घेतलं की बरं वाटतं." गावातल्या बोगस डॉक्टरच्या स्टिरॉइडनं ताप-दुखणं दबतं, आजार आतून वाढतो. नावाशिवायचं, चिठ्ठीशिवायचं इंजेक्शन घेऊ नका.

लक्षात ठेवा

पाणी काढलं की डॉक्टरांना चार प्रश्न विचाराच. हे पाणी कशाचं आहे? तपासायला पाठवलं का? औषध किती महिने घ्यायचं? पुन्हा कधी दाखवायचं? या चार प्रश्नांची उत्तरं हातात घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका. आपल्या गल्लीत, वस्तीवर कुणी कुशीवर हात धरून फिरत असेल, तर त्याला आजच एक्स-रे काढायला सांगा.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषध सुरू करणं किंवा बंद करणं हे डॉक्टरांच्या सल्ल्यानंच करावं.)